दक्षिणेकडची खोली

चिझुरू मियाशिता माझ्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातावर जाड लोकरी कोट होता आणि बाहेर अडतीस अंश तापमान होते. मार्च, म्हणजे ऑस्ट्रेलियातला शरद ऋतू, लागला होता, पण त्या वर्षी, म्हणजे २००३ साली, उन्हाळा अ‍ॅडलेडमधून हलायला तयार नव्हता. टॅक्सीवाल्याने तिची बॅग फाटकाशी ठेवली आणि कपाळ पुसत मला म्हणाला, "बाई, ही पोरगी विमानतळापासून एक शब्द बोललेली नाही. नुसती मान लववते. ताब्यात घ्या बघू."

चिझुरूने त्यालाही मान लववली. मग उंबऱ्याबाहेर बूट काढले, जुळवून ठेवले, त्यांची टोके रस्त्याकडे वळवली आणि मोज्यांनी आत आली. माझ्या घरात तोवर कोणी बूट काढून आलेले नव्हते. तिच्या मागून आत येताना मीही चपला बाहेर काढल्या.

माझा नवरा डेस्मंड गेल्यावर मी मागच्या दोन खोल्या भाड्याने देत असे, त्याही बहुतेक अशाच मुलांना. वर्षभराचा व्हिसा, त्यात काम करायचे आणि सुट्टीही घालवायची. आयरिश मुले आली की न्हाणीघरातून गाण्यांचा आवाज येई, जर्मन मुले आली की फ्रिजमधल्या अंड्यांवरसुद्धा नावे लिहिलेली दिसत. येताना सगळी सारखीच दिसतात, खांदे पाठीवरच्या ओझ्याने वाकलेले आणि डोळे झोपेने जड. पण ती विशीतली असतात, शहराला दोन दिवसांत आपलेसे करून टाकतात. चिझुरू तिशीला टेकलेली होती. तिशीनंतर तो व्हिसा मिळत नाही. जपानात नागानोच्या डोंगरात तिचे गाव. तिथल्या नगरपालिकेच्या खिडकीत बसून तिने अनेक वर्षे लोकांना दाखले दिले होते, आणि शेवटची गाडी पकडावी तशी ती निघाली होती.

फोनवरच तिने विचारले होते, "दक्षिणेकडची खोली मिळेल का?"

आता दोन्ही खोल्या दाखवून मी म्हणाले, "उन्हाळ्यापुरती ही दक्षिणेची ठीक आहे. पण थंडीत उत्तरेची बरी पडते. भाडं तेवढंच. बघ."

ती हसली. "दक्षिणेची. कृपया."

शहाणी मुलगी, मला वाटले, एवढ्या उकाड्यात गार खोली मागते आहे. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर फिलोमिना सांगत की पाहुण्याने एकदा निवड केली की त्याला दुसऱ्यांदा विचारायचे नाही, ते त्याच्या पसंतीला नावे ठेवण्यासारखे असते. मी दुसऱ्यांदा विचारले नाही.

पहिले काही आठवडे चिझुरू रोज हरवत असे. कामाला लागण्याआधी तिला समुद्र बघायचा होता. सकाळी नकाशा पाठ करून निघाली, दुपारभर चालली आणि टेकड्यांच्या पायथ्याशी पोचली. तिथल्या एका पेट्रोल पंपावरच्या माणसाने मला फोन केला. "तुमच्याकडची एक जपानी मुलगी इथे आलीय. समुद्र कुठाय म्हणून विचारतेय. काय सांगू?"

"तिला थंड काहीतरी प्यायला दे आणि बसमध्ये बसव," मी म्हणाले.

घरी आली तेव्हा नाक लाल झाले होते. "ओबासान," ती म्हणाली. त्यांच्याकडे काकूला म्हणतात तसे ती मला म्हणू लागली होती. "मी गावात कधी चुकत नाही. सूर्य बघून चालते. इथे मी बावळट झाले."

"नवीन शहर आहे, होतं असं."

"रस्त्यावर सगळे लोक सरळ चालतात. मीच एकटी उलटी."

समुद्र तिला दुसऱ्या दिवशी मी दाखवला. ती वाळूवर बसली आणि पायाशी वाळूचा छोटा ढीग करत राहिली. शेवटी विचारले, "जपान कुठल्या बाजूला?" मी हाताने दाखवले. ती दिशा पाण्याकडे नव्हती, बाजूला गाड्या उभ्या करायच्या जागेकडे होती. तिने वळून त्या गाड्यांकडे पाहिले. "असू दे," म्हणाली, आणि पुन्हा समुद्राकडे तोंड करून बसली.

मग तिला शहरातल्या एका हॉटेलच्या धुलाईखान्यात काम मिळाले. दिवसभर चादरी. संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात भात शिजवी, आणि मी इस्त्री करत असले तर न विचारता दुसरे टोक धरी. चादरीची घडी दोघींनी घालायची म्हणजे चार पावले पुढे यायचे, टोके जुळवायची, परत मागे जायचे. त्या येण्याजाण्यात ती बोलत असे. तिचे घर मला असे तुकड्यातुकड्याने कळले.

वडील नव्हते. भाऊ ओसाकात, त्याची बायको डोंगराकडे फिरकत नसे. घरामागच्या उतारावर आजोबांनी लावलेली पर्सिमनची झाडे होती. टोमॅटोएवढे, नारिंगी, तुरट फळ. शरद ऋतू सरत आला की ते सोलायचे, दोरीत ओवायचे आणि माळा करून माडीच्या कठड्याला टांगायच्या. महिनाभराने फळ काळसर होते, वर साखरेची पांढरी भुकटी धरते, आणि नववर्षाला ते घराघरात खातात. त्या गावात घर ओळखायचे ते माळांवरून.

"आमच्या माळा दरीच्या पलीकडून दिसतात," ती म्हणाली. "एकदा मी शाळेच्या सहलीला गेले होते. बसमधून सगळ्या मुली ओरडल्या, चिझुरूचं घर, चिझुरूचं घर! मला लाज वाटली. केशरी पडद्यासारखं दिसत होतं."

आईची बोटे आता सुजत. सुरी धरवत नसे. चिझुरू निघाली तेव्हा आई दारापर्यंतही आली नव्हती. आतूनच म्हणाली होती, "जा. पण या नोव्हेंबरात माळा टांगल्या गेल्या नाहीत तर डिसेंबरात झाडं तोडायला देईन. झाडावर फळं कुजताना बघायची मला सवय नाही. येशील की नाही ते तुझं तू ठरव."

व्हिसा पुढच्या मार्चपर्यंत होता.

"मग काय ठरवलंस?" मी विचारले.

तिने चादरीची टोके जुळवली. "अजून नाही."

रविवारी संध्याकाळी बोळातल्या फोनवरून ती आईला फोन लावी. मला जपानी येत नाही, पण ते बोलणे किती थोडे असे हे कळायला भाषा लागत नव्हती. एक हुंकार इकडून जाई, आणि थांबण्यावरून वाटे की तिकडूनही तसाच एक येत असावा. फोन ठेवल्यावर ती तिथेच भिंतीला टेकून उभी राहत असे. एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "आज आई म्हणाली, पाऊस पडतोय. मला तो पाऊस ऐकू आला. छपराचा पत्रा एका ठिकाणी सुटलाय, त्याचा आवाज."

एप्रिल संपता संपता तिला आमच्या शेजाऱ्याचे झाड दिसले.

दोनातो स्पादारो इटलीतल्या कालाब्रियाहून तरुणपणी बोटीने आलेला. बायको वारली होती, मुले सिडनीला. परसात अंजीर, टोमॅटो आणि कुंपणाला लागून एक पर्सिमन. त्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते. चिझुरू मला चिमटे देत होती ती एकदम थांबली आणि कुंपणाकडे चालत गेली. पाने गळायला लागली होती, फळे पेटल्यासारखी दिसत होती. दोनातो पलीकडून शिडी लावत होता. तिने बोटाने दाखवून फळाचे नाव घेतले, आणि दोनातोनेही तोच शब्द उच्चारला. दोघांच्या भाषांत त्या फळाचे नाव एकच निघाले. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले.

"हिला हवीत का, सिन्योरा?" दोनातोने मला विचारले. "सांगा तिला, अजून महिना आहे. फळ पिशवीसारखं लिबलिबीत झालं पाहिजे. मग चमच्याने खायचं."

"मला आत्ताची हवीत," चिझुरू म्हणाली. "कडक."

"कडक?" दोनातो शिडीवरून खाली उतरला. "पोरी, कडक खाल्लंस तर जिभेचं लाकूड होईल. माझ्या मेहुण्याने खाल्लं होतं. दोन दिवस शांत होता. बायको म्हणाली, अजून एक द्या."

"खायची नाहीत. टांगायची आहेत."

"टांगायची! सिन्योरा, हे फळ आहे की सॉसेज?"

पण त्याने टोपली भरून दिली. देठाला फांदीचा लहान तुकडा ठेवून कापायचे हे तिने त्याला दाखवले. त्या तुकड्यावर दोरीची गाठ बसते. त्याने दोनचार फळे मुद्दाम तुकडा न ठेवता कापली आणि तिने ती एक शब्दही न बोलता बाजूला काढली, तेव्हा कुठे तो सरळ कामाला लागला.

त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसली. सुरी स्थिर, फळ फिरते. साल एका लांब फितीत उतरत होती. इतके दिवस माझ्या घरात संकोचून वावरणारी ही मुलगी, तिचे खांदे पहिल्यांदाच खाली आलेले मी पाहिले.

"ओबासान, मी एक ठरवलं," ती सोलता सोलता म्हणाली. "हे इथे झालं तर मी राहीन."

"म्हणजे?"

"हॉटेलात विचारतायत. जपानी पाहुणे येतात, पुढच्या काउंटरवर बस म्हणाले. व्हिसाचं तेच बघतील. हिवाळा संपायच्या आत सांग म्हणाले." तिने सोललेले फळ ठेवले, दुसरे घेतले. "आणि हे जर इथे झालं, तर मी तिथं काही टाकून आले असं होणार नाही ना? बरोबर घेऊन आले असं होईल."

"आणि नाही झालं तर?"

"तर हात इथे चालत नाहीत असं समजेन. जाईन."

मला ती राहावी असे वाटत होते. मी दोरी धरायला बसले.

माळा तिने आपल्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात टांगल्या, दक्षिणेकडच्या तुळईला. मोठे देखणे दिसत होते. मी समजले की सावलीत सुकवायची ही त्यांची रीत असणार. पापडाला ऊन लागते तसे या फळाला लागत असेल असे मला वाटले नाही, आणि ती इतक्या खात्रीने काम करत होती की विचारायचे कारणही नव्हते.

मे महिन्यात थंडी आली. पहाटे धुके उतरू लागले. चिझुरू खोलीत कोट घालून बसे, पण एका शब्दाने तक्रार करत नसे. माळांवरची फळे चिकट राहिली. ती रोज सकाळी कामाला जाण्याआधी एकेक फळ बोटांनी चाचपून बघे, जसे तापलेल्या मुलाचे कपाळ बघतात. मग एके दिवशी देठाशी हिरवट ठिपके दिसले. तिने ते व्होडकात भिजवलेल्या फडक्याने पुसले. आठवड्याने पुन्हा आले, काळे, केसाळ.

रविवारी मी चर्चमधून परतले तर ती माळा उतरवत होती. उतरवून तिने परसाच्या कोपऱ्यात खड्डा केला होता. फळे त्यात घातली, माती लोटली, आणि मातीपुढे मान लववली.

"झालं," ती म्हणाली. "उत्तर मिळालं. मी आज आईला सांगते."

"अगं, हवा दमट होती—"

"हवा तिथेही दमट असते, ओबासान. आईची फळं कधी बुरसत नाहीत."

तेवढ्यात कुंपणावर दोनातोचे डोके आले. त्याने खड्डा पाहिला, रिकाम्या दोऱ्या पाहिल्या. "बिचारी! तुरट होती म्हणून पुरलीस?"

"बुरसली," मी सांगितले.

"कुठे टांगली होती?"

चिझुरूने व्हरांड्याकडे हात केला. दोनातोने त्या बाजूला पाहिले, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे.

"सिन्योरा," तो ओरडला, "तुमच्या घरात सूर्याला बंदी आहे का? त्या भिंतीला शेवाळ धरलंय! त्या बाजूला हिवाळ्यात ऊन येत नाही हे माझ्या कोंबड्यांना कळतं. तिला सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? तिने मागून घेतली ती खोली."

"ही दक्षिण आहे ना?" चिझुरू म्हणाली.

"दक्षिणच आहे."

"मग ऊन दक्षिणेकडूनच येतं."

मग दोनातो कुंपणावर दोन्ही हात टेकून हसायला लागला. "पोरी, तू पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात आहेस! इथे सूर्य उत्तरेकडून जातो. मी आलो तेव्हा मीही असाच. पहिल्या वर्षी द्राक्षाचा मांडव दक्षिणेला घातला. फोरमन म्हणाला, इटालियन माणूस अंधारात द्राक्षं पिकवतो. सगळी फॅक्टरी हसली मला."

चिझुरू परसाच्या मध्यभागी गेली. डोके वर करून सूर्याकडे पाहिले, मग घराकडे, मग आपल्या सावलीकडे. तिच्या ओठांची हालचाल चालली होती. मला वाटते ती समुद्राचा रस्ता नव्याने चालून बघत असावी.

"पेट्रोल पंप," ती हळूच म्हणाली. आणि मग तोंडावर हात ठेवून हसली. इतक्या दिवसांत मी तिला हसताना ऐकले नव्हते. मान लववताना ती हसे ते निराळे. हे हसू थांबेचना, मध्येच डोळ्यांतून पाणी यायला लागले तरी थांबेना.

"मला वाटलं, चांगली खोली तुम्ही दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवताय," ती म्हणाली. "आमच्याकडे उत्तरेच्या खोलीत अडगळ ठेवतात. म्हणून मी हट्टाने दक्षिणेची मागितली."

"आणि मी समजले तुला गारवा आवडतो."

"दोघी शहाण्या," दोनातो म्हणाला. "थांबा." तो आत गेला, शिडी घेऊन बाहेर आला. झाडावर एकही पान उरले नव्हते, शेंड्याला शेवटची, अजून कडक फळे होती. ती तो दरवर्षी स्वतःसाठी राखत असे, चमच्याने खायला. त्याने ती सगळी उतरवली. देठाला तुकडा ठेवून.

"तुम्हाला काय राहिलं?" चिझुरूने विचारले.

"मला डॉक्टरने गोड बंद केलंय," तो म्हणाला. डॉक्टरने तसे काही सांगितलेले नव्हते.

त्या रात्री चिझुरूने आईला काही सांगितले नाही. नव्या माळा उत्तरेच्या व्हरांड्यात चढल्या, आणि तीही उत्तरेच्या खोलीत आली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की मी माळा आत घेऊन हॉलमधल्या पडद्याच्या दांडीला टांगत असे, ऊन पडले की बाहेर. दोनातो कुंपणावरून हुकूम सोडी. "सिन्योरा, ढग आला! सिन्योरा, गेला!" दहाबारा दिवसांनी फळांवर चामड्यासारखी कातडी आली. मग चिझुरू रोज संध्याकाळी एकेक फळ बोटांत धरून हलके चोळायला लागली. आतला गर मऊ झाला पाहिजे पण कातडी फाटता कामा नये. मी एक चोळून बघितले. "जोर नको, ओबासान. कानाची पाळी धरतो तसं," ती म्हणाली. मला माझ्या आईने कानाची पाळी धरली होती ती निराळ्या कारणाने, पण मला समजले.

जुलैत एका सकाळी फळांवर पांढरी पूड दिसली. दव गोठल्यासारखी, पण बोट लावले तरी न वितळणारी.

तिने तीन बशा काढल्या. दोनातोला बोलावले. त्याने फळ उलटसुलट करून पाहिले, एक तुकडा तोंडात टाकला आणि चघळणे थांबवले.

"हे माझ्या झाडाचं?"

"तुमच्या झाडाचं."

"पन्नास वर्षं मी चमच्याने खातोय," तो म्हणाला, आणि दुसरा तुकडा घेतला.

चिझुरूने आपले फळ शेवटी उचलले. दातांनी अर्धे तोडले. मी तिच्याकडे बघत होते, कारण तिने घातलेली अट मला ठाऊक होती. तिचे तोंड हलत राहिले, हळूहळू, नको तितका वेळ.

"झालं का?" मी विचारले.

"झालं," ती म्हणाली. "तसंच झालं." उरलेले अर्धे तिने बशीत ठेवले आणि उठून भांडी घासायला लागली. घासायला भांडी फारशी नव्हती. तीच पातेली ती दोनदा घासत होती.

"म्हणजे राहिली!" दोनातो मला म्हणाला. "सिन्योरा, बाटली काढा."

मी बाटली काढली. पण चिझुरूच्या पाठीकडे बघून मला वाइन ओतवेना.

पुढचे काही दिवस ती नुसती कामाला जाई, येई. हॉटेलातल्या मॅनेजरने पुन्हा विचारल्याचे तिने सांगितले, पण काय उत्तर दिले ते सांगितले नाही. मीही विचारले नाही. मग एका संध्याकाळी आम्ही चादरीची घडी घालत असताना, टोके जुळवायला पुढे आलेली ती मागे गेलीच नाही.

"झालं नसतं तर बरं होतं," ती म्हणाली.

"का गं?"

"झालं नसतं, तर मी म्हटलं असतं, ते तिथेच होतं, जाऊ दे. कदाचित राहिलेही असते. पण झालं. पहिला घास घेतला आणि मला पुढचं सगळं दिसलं. माडीचा कठडा, खालची दरी, बाजूला बसून आई बोटांना तेल लावतेय. ते नको असं मी किती वर्षं म्हणत होते, ओबासान. आणि ते सगळं फळात होतं. मी इथे ते केलं खरं, पण इथे ते खाणार कोण? तुम्ही, दोनातो आणि मी. तिथे दरीपलीकडची माणसं आमच्याकडे बघून म्हणतात, मियाशितांनी टांगल्या, आता आपणही टांगू."

"हॉटेलचं काय?"

"काउंटर मी खूप बघितलंय," ती म्हणाली. थोडे थांबून पुढे म्हणाली, "इथलं आणखी बघायचं होतं, पण."

रविवारी तिने फोन लावला. मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले. या वेळी हुंकारांऐवजी वाक्ये ऐकू येत होती. फोन ठेवून ती आत आली ती चिडलेली.

"काय म्हणाली आई?"

"म्हणाली, इतक्या लवकर? पैसे संपले का?"

"मग?"

"मी म्हटलं नाही संपले. तर म्हणाली, कोणी हाकललं का?"

"मग?"

"मी म्हटलं माळा टांगायला येते. म्हणाली, तुझ्यावाचून काय झाडं अडून बसलीत? खुर्चीत बसून बसून तुझा हात जड झालाय, साली जाड निघतील." चिझुरूने खुर्ची ओढली आणि बसली. "मग मी सांगितलं की मी इथे माळा केल्यात. झाल्या. तर मला वाटलं लाइन कट झाली."

"आणि?"

"मग विचारलं, पूड नीट धरली का."

"तू काय सांगितलंस?"

"धरली म्हटलं." तिने बाहीने नाक पुसले. "मग म्हणाली, येताना जाड कपडे घालून ये, इथे थंडी लवकर पडेल असं दिसतंय. आणि फोन ठेवला."

ऑक्टोबरात ती निघाली. तिच्या व्हिसाचे पाच महिने शिल्लक होते, सगळा उन्हाळा. विमानतळावर दोनातोही आला, कोट घालून आणि टाय बांधून. गेले महिनाभर तो तिला सांगत होता की परत जाणाऱ्याला गाव ओळखत नाही, आपण ज्यासाठी जातो ते तिथे नसतेच, त्याचा चुलत भाऊ गेला होता तो सहा महिन्यांत रडत परत आला. विमानतळावर मात्र त्याने यातले काही काढले नाही.

"पोरी, भीती नाही वाटत?" त्याने एवढेच विचारले.

"वाटते," ती म्हणाली.

"वाटते ना? बरं," तो म्हणाला, आणि तिची बॅग स्वतः ओढत शेवटच्या दरवाजापर्यंत गेला. तिने आम्हा दोघांना मान लववली, मग पुन्हा, मग आत जाता जाता पुन्हा. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका बाईनेही नकळत मान लववली.

परतताना दोनातोने टाय सोडून खिशात घातला. मी गाडी त्याच्या फाटकाशी उभी केली, तरी तो उतरेना. "माझ्या आईला मी म्हटलं होतं, दोन वर्षांत येतो," तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "अंजिरं सुकत घातली होती तिने छपरावर. वरूनच हात केला. खाली उतरली नाही, अंजिरांवर पक्षी बसतील म्हणून." मी इंजिन बंद केले.

चिझुरू नंतर कधी आली नाही. झाडे तोडली गेली नाहीत. आई आणखी नऊ वर्षे होती आणि शेवटपर्यंत म्हणत होती की साली जाड निघतात. लाकूडकाम करणाऱ्या एका अबोल माणसाशी चिझुरूने लग्न केले. आता तिची मुलगी शहरात शिकते आणि सुट्टीत घरी यायला कंटाळते. दोनातो गेला ते मी तिला कळवले, तेव्हा तिने त्याच्या नावाने एक माळ बुद्धापुढे ठेवली.

दर नोव्हेंबरात तिचा फोन येतो. नेमका माळा टांगण्याच्या दिवसांत, जेव्हा तिला अजिबात सवड नसते. आवाजावरून कळते की फोन खांदा आणि कान यांच्यात धरलेला आहे आणि हात कामात आहेत. तब्येतीचे विचारून होते, हवेचे होते. मग ती नेहमीचे विचारते, "ओबासान, फुलली का?"

आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना जॅकरांडा आहेत. नोव्हेंबरात ते फुलतात, पान न दिसेल इतके, आणि खालचा डांबरी रस्तासुद्धा जांभळा होतो. ती मार्चमध्ये आली आणि ऑक्टोबरात गेली. रोज सकाळ-संध्याकाळ ती त्या झाडांखालून बसला गेली आणि आली, पण तो बहर तिने पाहिलाच नाही. मी तिला पहिल्या वर्षी फोटो पाठवला होता, तो तिने भिंतीवर लावला आहे. पण फोटोवर तिचे भागत नाही. तिला सांगून हवे असते. मग मी खिडकीशी जाऊन सांगते. कोपऱ्यावरचे पूर्ण फुलले आहे, शाळेसमोरचे अजून अर्धे आहे, काल वारा सुटला होता म्हणून गाड्यांच्या टपांवर सडा पडला आहे, पोस्टमनच्या टोपीवरही दोन फुले होती.

"मी असताना ती नुसती हिरवी झाडं होती," ती म्हणते. "ती फुलतात हे मला कोणी सांगितलं नाही."

"आम्हाला रोजचीच. सांगायचं सुचलं नाही."

यंदा मी विचारून टाकले. "सांगितलं असतं, तर थांबली असतीस का गं?"

तिकडे सुरीचा आवाज येत होता तो थांबला. मला तिच्या माडीवरचा वारा ऐकू आला, आणि खालून कोणीतरी तिला हाक मारत होते. मी वाट बघत खिडकीशी उभी राहिले.

"ओबासान," ती म्हणाली, "हातातली दोरी सुटतेय. ठेवते."